शिंदे अण्णांचा बर्फ

आमच्या खालच्या मजल्यावरचे शिंदे अण्णा कुणाच्याही घरात शिरले की आधी नळाला कान लावायचे. माणसांची विचारपूस नंतर. साताऱ्याकडचे, तळोज्याच्या कारखान्यात उभी हयात फिटर. "पाईप बोलतो साहेब, ऐकणारा पायजे," म्हणायचे. आमचा पाईप माझ्याबद्दल काय बोलला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

शिंदे वहिनी वारल्यावर ते कोपरखैरण्याच्या त्या फ्लॅटमध्ये एकटेच उरले. मग मस्कतच्या लेकीने, सुमनने, त्यांना कपाटाएवढा फ्रीज पाठवला. त्यात बर्फ आपोआप तयार होऊन खालच्या डब्यात पडायचा. मात्र मागून पाण्याची लाईन जोडायला हवी. मेकॅनिक म्हणाला, "काका, ते विसरा. ट्रेमध्ये पाणी ओता."

अण्णा दुखावले. "लेकीनं पाठवलंय. पुरतं चालल्याबिगर तिला फोन करणार न्हाय. साहेब, रविवारी शटडाऊन घेऊ."

शटडाऊन म्हणजे मी गच्चीवर आणि ते खाली. हाक आली की डावा व्हॉल्व्ह बंद करायचा, एवढीच माझी जबाबदारी. कारकुनीत इतकं सोपं काम मला कधी मिळालं नव्हतं. मी उजवा बंद केला. खाली अण्णांनी विश्वासाने पाईप कापला. धावत गेलो तर ते नखशिखांत भिजलेले, फवाऱ्यावर पंजा दाबून बसलेले. "आंघोळ झाली साहेब. आता डावा बघा."

सांधा गळू नये म्हणून सुतळी आणि सफेदा, मग फ्रीजपर्यंत तांब्याची बारीक नळी. तांबूस पाण्याचा पहिला बर्फ फेकून दिला. कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे अण्णांनी वहीत 'लाईन चालू, गळती नाही' असं लिहिलं आणि साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. मगच मस्कतला फोन.

त्यानंतर रोज चार वाजता अण्णा डबाभर बर्फ घेऊन आमच्या दारात हजर. आम्ही सरबतं केली, पन्हं केलं, माझा घसा बसला. शेवटी बायको म्हणाली, "अहो, तुम्हीच सांगा त्यांना. मला नाही जमायचं."

मी धीर केला. "अण्णा, आता बर्फ नको. आमच्याकडे ठेवायला जागा नाही."

ते डबा धरून उभेच राहिले. "डबा भरला की मशीन थांबतं, साहेब."

"थांबू दे की."

"थांबलं की वाजत न्हाय." त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. "दुपारी आडवा झालो की आत बर्फ पडून खडखडतं. हिचं असंच असायचं. माझा डोळा लागला की हिची भांडी निघायची. लई वरडायचो मी."

तेवढ्यात बायको आतून आली ती सणावाराला काढतो ते मोठं पातेलं घेऊन.

"ओता यात, अण्णा," ती म्हणाली. "आणि एवढ्याशानं काय होतंय? सकाळीही आणत जा."