बघू देऊ नका

गुन्हा पोषण खात्यानेच केला आहे, आणि तोही चिमटीचिमटीने. मुलांच्या अंगात रक्त कमी आहे, असे खात्याच्या ध्यानात आले. रक्ताला लोह लागते. म्हणून खात्याने शाळांना लोह घातलेले मीठ धाडले.

शाळेच्या आचाऱ्याने ते बटाट्याच्या भाजीत घातले आणि भाजी काळी पडली. मुलांनी ताटे सरकवली. त्याची स्वतःची मुलगी त्याच पंगतीत होती, आधीच पांढरीफटक. ती म्हणाली, "बाबा, आधी तुम्ही खाऊन दाखवा."

त्याने तक्रार केली. खात्याचे साहेब आले. भाजी चाखण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत.

"मीठ उत्तम आहे. दोष मुलांच्या बघण्यात आहे."

"मग काय करू, साहेब?"

"बघू देऊ नका."

जेवणाच्या खोलीतले दिवे उतरवले, खिडक्यांना फळ्या ठोकल्या. मुले चाचपडत जेवू लागली. रंगाची समस्या निकाली निघाल्याचे खात्याने जाहीर केले.

पुढच्या महिन्यात डाळ आलीच नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "लोह मिठातून मिळतंय ना? मग डाळीचे लाड कशाला? अंधारात आमटी घट्ट की पातळ, कोणाला कळतंय?"

"पोटाला कळतं, बाई."

"पोटाचा रकाना नाही आपल्याकडे."

मग बटाटे गेले, तांदूळ निम्मा झाला. मीठ मात्र दुप्पट आले. वाढताना आचाऱ्याच्या हाताला एक गार बोट लागले. "बाबा, आज काय आहे?" खारट पाणी म्हणायला त्याची जीभ रेटेना. "आमटी," तो म्हणाला.

अखेर तपासणी आली; साहेब डॉक्टरांना घेऊन आले. लाभार्थी तपासायचा तो लाभाच्या जागीच, असा नियम. डॉक्टरांनी त्याच काळोखात एकेका मुलाची पापणी खाली ओढून पाहिली आणि निष्कर्ष दिला: एकही मूल फिकट दिसले नाही. टाळ्या पडल्या.

टाळ्या चालू असतानाच आचाऱ्याने एक फळी उपटली. उजेड थेट त्याच्या मुलीच्या तोंडावर पडला. सगळ्यांनी पाहिले.

"सरकारी मालमत्तेची नासधूस," साहेब शांतपणे म्हणाले आणि त्याला तिथल्या तिथे घरी बसवले.

फळी पुन्हा ठोकायला शिपाई नव्हता. तपासणी बघायला आलेले पालक दारात उभे होते. "कशाला बोभाटा? मिळतंय तेही बंद होईल," असे पुटपुटत चौघे पुढे झाले. कोणी फळी धरली, कोणी हातोडी.

त्या चौघांत तुम्ही होता. मुलीचा चेहराही तुम्ही पाहिला होता. खात्याचे खाते बघून घेईल. तुम्ही सांगा, खिळा कोणी धरला होता?