नावांपुरता रेडिओ

गाणं सुरू झालं की रेडिओचा आवाज बारीक करणारा माणूस मी एकच पाहिला, आमच्या मुरुमचे मकबूलचाचा. निवेदक फर्माईशवाल्यांची नावं वाचू लागला की रेडिओ मोठ्ठा; गाण्याचे पहिले सूर आले की लगेच त्याला मुसकं. चाचा बैलांना नाल ठोकायचे आणि माझं चहाचं हॉटेल त्यांच्या जागेला खेटून. गिऱ्हाईक गाण्याच्या आशेनं बसायचं आणि गावांची नावं ऐकून उठायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"चाचा, गाणं तरी ऐकू द्या की!"

"गान्यात काय ठिवलंय, शिवाप्पा? नावं ऐक."

सरकारनं आपल्या रेडिओवरून फिल्मी गाणी हद्दपार केली, तेव्हा सगळा मुलूख रेडिओ सिलोन लावायचा. पुढं सरकारलाच उपरती झाली आणि देशभरासाठी गाण्यांचं नवं केंद्र निघालं. आवाज कसा खणखणीत! मुरुमनं सिलोनला रामराम ठोकला. चाचा मात्र त्या खरखरीलाच चिकटून. शेवटी मी भांडून एकदा नवं केंद्र लावायला लावलं. बैल पाडून ठेवलेला, मालक ताटकळतोय, आणि चाचा कान देऊन बसलेले. भूम, लातूर, नागपूर... त्यांनी काटा परत फिरवला.

"समदी हितलीच नावं हायत. आमचा यूसुफ हितं कुठं हाय?"

यूसुफ त्यांचा एकुलता एक. पोलीस अॅक्शनच्या धामधुमीत हैदराबादेहून कराचीला गेला, एवढंच कुणीतरी सांगितलेलं. पुढं ना पत्र, ना निरोप.

"गान्याचा लई नाद त्याला. जित्ता असंल तर तिकडनं सिलोनला फर्माईश धाडल्याबिगर ऱ्हायाचा न्हाय."

त्या दिवसापासून नावं सुरू झाली की मी कपबशा वाजू देत नसे. खरं सांगतो, मला काडीची आशा नव्हती.

आणि एका बाजारच्या दिवशी निवेदक म्हणाला, "कराची से यूसुफ..."

चाचांचा हातोडा वरच राहिला.

"...और उनके अब्बा, अम्मी."

चाचांनी हातोडा हळूच खाली ठेवला. "दुसऱ्याचा हाय. बाप संगं हाय त्याचा."

गाणं सुरू झालं. चाचा हलेनात, म्हणून मीच आवाज बारीक करायला उठलो. त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, शिवाप्पा. त्याचा बाप ऐकत असंल."