गळतीवरचे टरबूज

पाणी उताराकडे वाहते, हा निसर्गाचा नियम आहे; ते कुठवर पोचू द्यायचे, हे मात्र सुजाण नागरिक ठरवतात.

त्या दुष्काळी वर्षी शहर बिडकीनच्या दिशेने वाढत होते आणि नळाला पाणी आठव्या दिवशी येत होते. (पूर्वी चौथ्या दिवशी येई. वाढ दोन्हीकडे होती.) कोषागारातून निवृत्त झालेले कारकून मुकुंदराव यांच्या फाटकासमोर मुख्य जलवाहिनी गळत होती. त्यांनी तीन वर्षांत एकतीस अर्ज केले. एकतीस वेळा 'अर्ज पुढे पाठवला आहे' असे, शुद्धलेखनाच्या एकाच चुकीसह, उत्तर आले.

फेब्रुवारीत त्या ओलीवर कुणीतरी थुंकलेल्या बीतून टरबुजाचा वेल उगवला. त्याला पाणी रोज होते. एप्रिलमध्ये फळ धरले. मुकुंदराव खुर्ची टाकून गाई हाकलू लागले. फळावर त्यांनी बायकोच्या साडीची सावली केली.

"पोरांना कधी इतकं जपलं नाही," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. याची नोंद घेतली गेली नाही. गल्लीने फळ संरक्षण समिती नेमली. (मधुमेही सभासदांना मताचा अधिकार नव्हता.)

आणि मे महिन्यात अघटित घडले. पाणीखात्याचा फिटर साहेबराव पाना घेऊन हजर झाला.

"अर्जदार तुम्हीच नं? आत्ता बंद करतो गळती."

मुकुंदराव वेलाच्या आडवे उभे राहिले. "असं एकदम? बारा दिवस थांबा. देठाजवळची तार अजून वाळली नाही, म्हणजे फळ कच्चं आहे."

"साहेब, पुढच्या गल्लीला थेंब पोचत नाय."

"तीन वर्षं नाही पोचला. बारा दिवसांनी काय होतंय?"

साहेबरावाने ते लेखी मागितले. 'गळती समाधानकारक आहे' असा अर्ज समितीच्या सह्यांनिशी दिला गेला. मुकुंदरावांचा हा एकच अर्ज जागेवर मंजूर झाला.

टरबूज पिकले, कापले. शेजारधर्म म्हणून एक फोड घेऊन मुकुंदराव स्वतः पुढच्या गल्लीत गेले. रिकाम्या घागरींपाशी बसलेल्या द्वारकाबाईंनी ती शांतपणे खाल्ली.

"लई गोड हाय," त्या म्हणाल्या. "असणारच. पाणी आमचंय."

मुकुंदराव खाली मान घालून परतले आणि तडक दुरुस्तीचा अर्ज लिहायला बसले. दोन ओळी झाल्या, तोच बाहेरून प्रमोदिनीबाईंनी हाक दिली, "अहो, दुसरं धरलंय!" मुकुंदरावांनी टोपण लावले.

वाचकांना त्यांचा संताप येणे रास्त आहे. आजवर अठ्ठावीस जणांनी तो पत्राने कळवला. त्यांपैकी सव्वीस जणांनी ताज्या कलमात बी मागवले आहे. उरलेल्या दोघांकडे वेल आहे.