बैठकीतला समुद्र

टप्.

दुपारची वेळ होती. पाच वर्षांची प्रियल झोपली होती, सासूबाई नोजीबाई आपल्या खोलीत माळ फिरवत होत्या आणि नवरा अभिनंदन मिरचीच्या बाजारात गेला होता. अख्ख्या दिवसात नेहलच्या वाट्याला एवढाच काय तो वेळ यायचा. तेवढ्यात चहा प्यायचा, पाय लांब करायचे आणि कोणाचीही कोणीही नसायचं.

टप्.

नेहलने कप खाली ठेवला. नळ बंद होता. कूलर तर कधीच माळ्यावर गेला होता. आवाज बैठकीतून येत होता, म्हणजे समुद्रातून.

समुद्र आणला होता अभिनंदनने. सुगनचंद मिरचीवाल्यांच्या पेढीचा हा एकुलता वारस, पण मोबाइलवर कुठल्याशा माणसाच्या घरातलं समुद्री अ‍ॅक्वेरियम बघितलं आणि गडी पार विरघळला. सुरतेहून टेम्पो आला. त्यातून कपाटाएवढी काचेची टाकी उतरली, तिच्या पोटाखाली ठेवायची दुसरी छोटी टाकी उतरली, मिठाची पोती, पंप, दिवे आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारा एक काळा डबा. "हा कंट्रोलर," अभिनंदनने सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं. "दिवे हाच लावणार, हाच विझवणार. पाणी आटलं तर हाच भरणार. मीठ कमी झालं तर माझ्या फोनवर ओरडणार. आपण फक्त सोफ्यावर बसायचं. सगळं आपोआप."

नेहलने तेव्हा एकदा प्रियलकडे बघितलं. हिच्या वेळी असा एखादा डबा मिळाला असता तर काय बिघडलं असतं!

खरी परीक्षा नोजीबाईंची होती. ज्या घरात मुंगीला वाट देण्यासाठी पाहुण्यांना थांबवलं जातं, त्या घरात मासे? पण नोजीबाईंनी टाकीभोवती एक फेरी मारली, काचेतून आत बघितलं आणि म्हणाल्या, "दोन गोष्टी. एक, यांच्या पोटात मांसमच्छी जाणार नाही. दुसरी, या टाकीपायी घरात एक जीव जरी गेला तर टाकी त्याच दिवशी बाहेर."

"आई, हे मासे शेवाळ खातात. आपल्यापेक्षा शुद्ध आहेत," अभिनंदन म्हणाला आणि एक डबी उघडून हिरव्या गोळ्या दाखवल्या. या गोळ्याही कंट्रोलरच टाकणार होता. आपोआप.

नोजीबाईंनी मान हलवली. फक्त आतल्या रंगीत फांद्या म्हणजे जिवंत पोवळी आहेत हे कळलं, तेव्हा त्यांनी बोटातली मंगळाची, पोवळ्याची अंगठी काढून कपाटात ठेवून दिली. "इतकी वर्षं कोणाचं तरी घर बोटात घालून फिरले," एवढंच म्हणाल्या.

नेहलला तेव्हापासूनच शंका होती. ज्या बाईने घरात फ्रिज आला म्हणून महिनाभर अबोला धरला आणि अजूनही त्याला हात लावला नाही, ती समुद्राला इतक्या सहज कशी हो म्हणाली?

पण तिने ती शंका गिळली, कारण टाकी आल्यापासून एक चमत्कार घडला होता. अभिनंदन सूर्य मावळायच्या आत घरी येऊ लागला होता. पूर्वी चातुर्मासात घरातल्या सगळ्यांची जेवणं उजेडी उरकायची आणि हा पठ्ठ्या बाजारातच फुटाणे चघळत बसायचा. आता टाकीतली 'संध्याकाळ' बघायला धावत यायचा, मग आपसूकच पाटावर बसायचा आणि प्रियल त्याच्या ताटातली भाकरी पळवायची. नेहलला माशांचं फारसं कौतुक नव्हतं. पण तो चौथा पाट तिला हवा होता. टाकी गेली की पाट गेला, हे तिला कंट्रोलरपेक्षा चांगलं समजत होतं.

म्हणून ते 'टप्' ऐकताच ती उठून बैठकीत धावली. खालची टाकी काठोकाठ भरून फरशीवर गळत होती.

तिने फोन केला. अभिनंदनने आधी तिलाच झापलं. नंदुरबारच्या हवेत पाणी आटतं, वाढत नाही, असं त्याचं म्हणणं. पाणी भरणारा पंप बंद होता, काच शाबूत होती. मग हे वाढीव पाणी आलं कुठून? तेवढ्यात त्याच्याच फोनवर कंट्रोलर ओरडला. खारटपणा घसरला होता.

त्या दिवसापासून घराचं पोलीस ठाणं झालं. अभिनंदन फरशी पुसायच्या बादल्या मोजू लागला. नेहलने टाकीजवळून जाताना पदर आवरला तरी मागून प्रश्न यायचा, "काय करत होतीस?" प्रियलची पाण्याची बाटली जप्त झाली. धुणीभांडी करणाऱ्या रूपलीबाईंकडे तर तो असा टक लावून बसायचा की शेवटी त्यांनी घासलेलं पातेलं दाणकन पालथं घातलं.

"मन्हाकडे काय देखी ऱ्हायना, भाऊ? मन्हा काय काम शे तथं? मासा खावाना असता तर बाजारमाईन नही लई येती?"

ते ऐकून आतल्या खोलीत नोजीबाईंची माळ थांबली आणि अभिनंदन गोरामोरा झाला.

पण शंका गोचिडीसारखी असते, एकाला चिकटली की दुसऱ्यावर जातेच. नेहलच्याही नजरेला एक गोष्ट खुपू लागली. हिवाळ्यात तिने मटार सोलून आइस्क्रीमच्या डब्यात भरून, वर नाव लिहून फ्रीजरच्या तळाशी ठेवले होते. चातुर्मासात हिरवं जवळजवळ बंदच, त्यामुळे डब्याला कोणी हात लावायचा प्रश्न नव्हता. तरी डबा हलका होत होता! ती उघडून बघणार तेवढ्यात प्रियल उठून रडायला लागली आणि ते तसंच राहिलं. तिने रूपलीबाईंना आडून विचारलं. रूपलीबाईंनी सरळ उत्तर दिलं, "तुन्हा वटाना तुले लखलाभ, ताई. मन्हा वावरमा ढीग शे." नेहलला रात्रभर स्वतःचीच लाज वाटली.

तिकडे बाजारात नवी आवक सुरू झाली होती. लाल मिरचीचे डोंगर, नाकाला रुमाल बांधलेले व्यापारी आणि ऐन लिलावात अभिनंदनच्या खिशात कंट्रोलर बोंबलला. आवाज बंद करायला त्याने फोन वर काढला, उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून हात आणखी उंच केला, आणि लिलाव पुकारणाऱ्याने सगळ्यात ओला, सगळ्यात सडका ढीग त्याच्या नावावर फोडून टाकला. बोललेली बोली मागे घेणं सुगनचंदांच्या पेढीला शोभत नव्हतं. संध्याकाळी पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानावर, ती मिरची वाळत घालताना त्याला एकामागून एक शिंका येत होत्या आणि प्रत्येक शिंकेगणिक त्याचा निश्चय पक्का होत होता.

"हे कोणीतरी मुद्दाम करतंय," तो घरी येऊन नेहलच्या कानात म्हणाला. "बाजारातलाच कोणीतरी."

"बाजारातला माणूस आपल्या बैठकीत पाणी ओतायला कशाला येईल?"

"तुला बाजारातली माणसं माहीत नाहीत."

त्याने जुना मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून टाकीच्या दिशेने लावून ठेवला. सकाळी चहाच्या आधी नवराबायको स्वयंपाकघरात डोक्याला डोकं लावून बसले. पडद्यावर पहाटेचा अंधुक निळा उजेड होता. मासे झोपलेले. मग डावीकडून एक आकृती आली. अंगावर पांढरं, हातात कळशी, आणि तोंड? तोंड पांढऱ्या फडक्याने बांधलेलं!

"बघितलंस?" अभिनंदन कुजबुजला. "तोंड बांधून आलाय."

आकृतीने झाकण सरकवलं, कळशी पाण्याला टेकेपर्यंत खाली नेली आणि तान्ह्या बाळाला कुशीवर वळवावं इतक्या हळुवारपणे पालथी केली. मग डाव्या गुडघ्यावर हात ठेवून मागे वळली.

तो गुडघा नेहल सात जन्मांत विसरली नसती. रोज तीच त्याला तेल लावायची.

"अहो," ती म्हणाली, "मम्मीजींची मुहपत्ती आहे ती."

नोजीबाई पहाटेची सामायिक, म्हणजे ध्यानाची बैठक, आटोपून बसल्या होत्या. मुलाने मोबाइल समोर धरला तर त्या जराही दचकल्या नाहीत. उलट चोरी पकडल्यासारखं त्याच्याकडेच बघत म्हणाल्या, "माझ्यावर पाळत ठेवली होती?"

"आई, हे काय ओततेस?"

"जीवाणी."

घरात येणारं सगळं पाणी नोजीबाई दुहेरी कापडातून गाळायच्या हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण त्या कापडावर अडकलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं पुढे काय होतं हा प्रश्न तरुण पिढीला कधी पडला नव्हता. "ब्राह्मणपुरीला आपली विहीर होती," त्या म्हणाल्या. "कापड उलटं करून धुवायचं आणि ते पाणी बुडाला कडी असलेल्या बादलीतून पार खाली सोडायचं. ज्या पाण्यातून जीव आले त्या पाण्यात परत गेले पाहिजेत. इथे काय आहे? बोअरचं भोक. वरून ओतलं तर आपटून मरतील. मोरीत ओतायचं तर साबण. इतकी वर्षं कुंडीत, डबक्यात, जमेल तिथे सोडत आले, कधी मनाला बरं वाटलं नाही. मग तू हे आणलंस. मला वाटलं, पोराने घरात विहीर आणली. म्हणून तर हो म्हणाले."

आणि जीव पुष्कळ म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन कळश्या.

नेहलने अभिनंदनचा हात दाबला. गप्प बसा, असा त्याचा अर्थ होता. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याला तो कळत नव्हता.

"पण आई, ते पाणी खारं आहे!"

नोजीबाईंची माळ मांडीवर पडली.

"किती खारं?"

"समुद्राइतकं."

"आणि गोड्या पाण्यातले जीव त्यात...?"

सगळ्या बाजाराला पुरून उरणाऱ्या अभिनंदनने नुसती नकारार्थी मान हलवली. नोजीबाई उठून बैठकीत काचेसमोर आल्या. एक नारिंगी मासा त्यांच्यासमोर येऊन शेपूट हलवत उभा राहिला.

"टाकी बाहेर म्हटलं होतं मी," त्या हळूच म्हणाल्या.

नेहलला चौथा पाट भिंतीला उभा केलेला दिसला. ती पुढे झाली. "मम्मीजी, टाकी काढली तर हे कुठे जातील? समुद्र तर इथून किती लांब. एकही जगायचा नाही."

नोजीबाईंनी सुनेकडे बघितलं. त्या नजरेत थोडी शंका होती, थोडा आधार. "तू बरोबर बोलतेस, बींदणी. माझ्या हातून गेले ते गेले, यांना कशाला?" आणि त्यांनी प्रायश्चित्त जाहीर केलं. चातुर्मास संपेपर्यंत आयंबिल. बिनतेलाचं, बिनमसाल्याचं आणि मुख्य म्हणजे बिनमिठाचं एकच वेळचं जेवण. जीव मिठाने गेले, तर मीठ सुटलं.

तेव्हापासून सगळं आपोआप करणारा अभिनंदन रोज पहाटे स्कूटरवर पायांमध्ये कळशी धरून गावाबाहेरच्या तळ्यावर जाऊ लागला. हिंदकळू नये म्हणून तो इतक्या हळू चालवायचा की सायकलवाले मागे वळून बघायचे. टाकीचा खारटपणा जागेवर आला. फोन शांत झाला. रूपलीबाईंना नेहलने गावठी तुपाचा डबा दिला. त्यांनी तो उघडून, वास घेऊन, मगच उचलला.

आणि आठमीच्या, म्हणजे अष्टमीच्या, दिवशी चारही पाट मांडले गेले. उन्हं अजून भिंतीवर होती. नोजीबाई बिनमिठाचा भात कालवत टाकीकडे बघत होत्या. मासे कसे टवटवीत, तुकतुकीत दिसत होते.

"काही म्हण, नेहल," त्या समाधानाने म्हणाल्या, "नुसत्या शेवाळावर केवढे भरलेत. जीव शुद्ध असला की अंगावर तेज येतं."

नेहलने वाढता वाढता नवऱ्याच्या ताटात एक पोळी जास्त टाकली. घरात इतकं निवांत बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

"मम्मी," प्रियल म्हणाली. तिला नुकतीच अक्षरं लागली होती आणि ती घरातला डबा न् डबा वाचत सुटली होती. "आज आठम आहे ना? आज हिरवं खायचं नसतं ना?"

"नाही, बाळा."

"मग पप्पांनी आत्ता माशांना मटार का दिले?"

अभिनंदनचा घास वाटेतच थांबला. नोजीबाईंचं बोट भातात थांबलं. नेहलला फ्रीजरच्या तळाचा तो हलका झालेला डबा आठवला. मासे जेवायच्या वेळेला नेमकं आपल्याला चहा टाकायला कोण पाठवतं, तेही आठवलं.

"मटार?" नोजीबाईंनी विचारलं.

"हो दादी, डब्यावर लिहिलंय. म ला काही नाही, ट ला काना, र. पण ते हिरवे नसतातच. गुलाबी असतात, छोटे छोटे, वाकडे." प्रियलने बोटाचा आकडा करून दाखवला आणि मग खूप विचार करून आईकडे वळली.

"मम्मी, मटारला डोळे असतात?"