दहा नंबरातला लेखक

आमच्या चाळीत सकाळी दहा ते एक कुकरच्या शिट्टीला बंदी होती. नियम घरमालक सोपानतात्यांचा. वर दहा नंबरच्या खोलीत लेखक लिहीत बसणार, त्याला त्रास नको, हे कारण. खोलीत लेखक नव्हता. येणार होता. दोन वर्षं येणारच होता, आणि तोवर माझी बायको चरफडत डाळ पातेल्यात शिजवत होती.

मोशीत ज्याची जमीन गेली त्यानं खोल्या बांधल्या आणि चाकणच्या कंपन्यांतल्या पोरांना भाड्यानं दिल्या. तात्यांनीही तेच केलं. फरक इतकाच, की तात्या गोष्टी लिहायचे. विहिरी, बांध, बैल, सगळं आता टॉवरखाली गेलेलं. त्यातली एक गोष्ट कुणीतरी इंग्रजीत नेली आणि तात्यांना युरोपातल्या एका तळ्याकाठच्या घरात दीड महिना राहून लिहायचं बोलावणं आलं. बायको जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पोराच्या आग्रहाखातर ते गेले.

परत आले ते बिघडूनच. टाकी वाहिली, "तिकडं आसं न्हाई." कुणी हॉर्न वाजवला, "तिकडं आसं न्हाई." तिकडे म्हणे लेखकाच्या खोलीशी कुणी बोलत नाही. दुपारी दाराशी जेवण ठेवतात, हळूच टकटक करतात आणि निघून जातात. ती टकटक तात्या आम्हाला जिन्याच्या कठड्यावर वाजवून दाखवायचे.

निरोपाच्या दिवशी तात्यांनी तिथं भर सभेत सांगितलं, मी आलो, आता तुमच्यातला एकजण आमच्या मोशीला राहायला आला पाहिजे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांच्या लेखी सुपारी फुटली. टाळ्या नुसत्या रीतीच्या असतात, असं मी एकदा सुचवलं, तर त्यांनी माझ्याशी अबोला धरला. दहा नंबरात टेबल आलं, कमोड बसला, खिडकीला पडदा लागला. तिकडच्या लेखकांना ईमेल मी लिहायचो. उत्तरं फार गोड यायची आणि त्यांत येण्याचं काही नसायचं.

मग तात्यांनी जवळपासचा माणूस शोधला. तळेगावचे एक कवी आले. दुपारपर्यंत त्यांनी सत्काराची वाट पाहिली आणि शाल नाही म्हटल्यावर संध्याकाळी परत गेले. जेवण छान होतं, असं जाताना म्हणाले.

मुलगा प्रशांत वैतागला. त्याचंही चुकत नव्हतं. दसऱ्यापर्यंत थांबतो, मग खोली भाड्यानं देणार, असं त्यानं सांगून टाकलं. तात्यांनी मला आणखी एक ईमेल लिहायला लावला. तो पाठवताना मला रडू यायचं बाकी होतं. कुणीही येणार नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी "आम्ही आतुरतेनं वाट पाहत आहोत" असं टाईप करत होतो.

शेवटी मी विचारलंच, एवढा आटापिटा कशासाठी?

तात्या जिन्याच्या कठड्याला टेकले. "ही गेली तवापासून लिवनं थांबलं राव. तितं दीड महिन्यात म्या एक ओळ लिवली न्हाई. रोज नुसता तळ्याकडं बघत बसायचो. तरी दाराशी ताट यायचं. लिवलं का म्हनून कुनी एकदाबी इचारलं न्हाई. आता कुनाला तरी आसं जेवू घालायचंय."

दसरा झाला. लेखक आला नाही. दहा नंबरात कंपनीतले दोघे राहायला आले, नाइट शिफ्टवाले. टेबलावर कंपनीची हेल्मेटं आली. ते सकाळी यायचे, पडदा ओढायचे आणि मेल्यासारखे झोपायचे.

त्यांच्या पहिल्याच दुपारी मी घरूनच हिंजवडीच्या ऑफिसचं काम उरकत होतो. तात्या डबा घेऊन जिना चढताना दिसले. दहा नंबरच्या दाराशी त्यांनी तो ठेवला, हळूच टकटक केली आणि लगबगीनं उतरले. मला पाहून ओठांवर बोट ठेवलं. दार उघडलं नाही.

संध्याकाळी ते दोघे डबा ओलांडून कंपनीच्या बसकडे धावले. थोड्या वेळानं तात्या वर गेले, गार झालेला डबा उचलला आणि आमच्या दारात थांबले.

"कामात आसतील," ते म्हणाले. "उद्याबी वैनींना कुकर एकनंतरच लावाया सांगा."