मागचा फोटो आहे का?

आमच्या भिंतीला तडा गेला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या गोसावी डॉक्टरांना तो मी सहज दाखवला. टेपने मोजला होता, चौदा इंच. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मागचा फोटो आहे का?"

डॉक्टर एक्स-रे आणि स्कॅन वाचतात. एकट्या फोटोवर त्यांचा विश्वास नाही. माझ्या पुतणीला आलेल्या स्थळाचा फोटो पाहून म्हणाले, "याच्या आधीचा मागवा. फुगतोय की तेवढाच आहे, ते कळेल."

आम्ही हसायचो. मग माझ्या सासऱ्यांच्या स्कॅनवर 'फायब्रोसिस' हा शब्द आला. नाना फौजेतून निवृत्त होऊन माण तालुक्यात गावी राहतात. खोकला जात नव्हता. फुप्फुस घट्ट होत जातं, मग परत मऊ होत नाही, असं कुणीतरी बायकोला सांगितलं. ती जेवेना.

डॉक्टर म्हणाले, "भरलेल्या जखमेचा व्रणही असाच दिसतो आणि वाढणारा आजारही. नानांना पूर्वी टीबी झाला होता ना? तेव्हाचा फोटो कुठंय?"

फोनवर नाना म्हणाले, "हाय की. न्हाणीच्या खिडकीला लावलाय. काच फुटली हुती."

"काढून पाठवा."

"आवं, मग आंघूळ कशी करू?"

शेवटी डॉक्टर स्वतःच माझ्या गाडीत बसले.

गावी त्यांनी फिल्मवरचे साबणाचे शिंतोडे रुमालाने पुसले, जुना आणि नवा फोटो शेजारी धरून उजेडात बराच वेळ पाहिले. नाना ताठ उभे. "साहेब, छाती माझीच हाय. चोरून आणल्याली न्हाई."

"पट्टे दोन्हीत वरच्याच भागात," डॉक्टर म्हणाले. "टीबीचा व्रण. तो वाढणारा आजार बहुतेक खालून, कडेने चढतो. तिथं स्कॅन स्वच्छ आहे. तेवढंच आहे, नाना. खोकल्याचं बिडीला विचारा."

नानांनी आधी फिल्म परत खिडकीला लावली, मग चहा सांगितला.

परतताना डॉक्टर म्हणाले, "आमच्या हिला तो खालून चढणारा होता. सगळे फोटो मीच वाचले. दर वेळी व्रणांची जाळी थोडी वर आलेली. तेवढंच आहे, असं एकदाही म्हणता आलं नाही."

मी गाडीचा वेग कमी केला.

"वहिनींना कळवलं?" त्यांनी विचारलं.

"गावात रेंज नव्हती."

"थांबवा गाडी. लावा फोन. मी सांगतो."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"वहिनी, तेवढंच आहे."

पलीकडून बायकोने काय विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. डॉक्टर खिडकीबाहेर पाहत होते.

"हो, वहिनी. तेवढंच आहे."