काळी फिल्म, पक्कं सिलिकॉन

ऐक ना! आधी तो फोन खाली ठेव. पालथा नको, सुलटा. स्क्रीन दिसू दे मला. का ते कळेल तुला. आता मधे मधे बोलू नकोस, नुसतं ऐक!

माझा मावसभाऊ, आमचा दादा, काचकाम करतो. खिडक्यांची तावदानं, आरसे, माशांच्या टाक्या, सगळं. अकरा वर्षं एकाच वर्कशॉपात! आणि काचेबद्दल बोलायला लागला की असा बोलतो, जणू वाळूला काच व्हायचं यानेच सुचवलं.

"फोनच्या काचेवर आणखी काच? म्हणजे चष्म्यावर चष्मा! आणि कव्हर कशाला? आंघोळीला रेनकोट घालता का तुम्ही?" हे तो रोज ऐकवायचा. "काच आपणहून फुटत नाही. ज्याला धरता येत नाही त्याच्या हातून फुटते. अकरा वर्षांत माझ्या हातून एक तावदान निसटलं असेल तर दाखवा!"

दाखवणार कोण? वर्कशॉपात माणसं तीन. एक दादा. दुसरे मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात. आणि तिसरा पट्टी. त्याच्या कुठल्या ना कुठल्या बोटाला कायम चिकटपट्टी, म्हणून पट्टी. त्याच्या फोनला एवढं जाड कव्हर की माणूस खिशात वीट घेऊन फिरतोय असं वाटायचं! दादा त्याला बघून हसायचा. पट्टी म्हणायचा, "हस हस. माझी बोटं कापतात, फोन नाही फुटत."

आता काकांचं ऐक. वय सत्तरीच्या पुढे, मूलबाळ नाही. रोज सकाळी यायचे, खिशातून काच कापायची हिरकणी काढायचे, आणि दिवसाची पहिली काच स्वतः कापायचे. पन्नास वर्षांचा नेम. कापली की कडेवरून अंगठा फिरवायचे आणि दादाकडे बघायचे. दादा म्हणायचा, "फर्स्ट क्लास, काका!" मग काका खुशीत कोपऱ्यावर चहा प्यायला जायचे. एकदा, फक्त एकदा, पट्टी बोलून गेला होता, "काका, वाकडी गेली." काका कडाडले, "सरळ काय असतं ते आधी तुझ्या बोटांना विचार!" संपला विषय.

आणि या वर्षी काका वर्कशॉप कुणाच्या तरी हाती सोपवून घरी बसणार होते. पट्टीच्या की दादाच्या? दादाचा सगळा जीव वर्कशॉपच्या किल्लीत! झोपेतसुद्धा मूठ आवळून झोपायचा म्हणे. वहिनी सांगते.

तर फोन. बुटाची नाडी बांधायला दादा वाकला आणि शर्टाच्या खिशातून त्याचा नागडा फोन सटकला. फट! कोळ्याचं जाळं परवडलं, अशी काच! पट्टी पोट धरून हसला. "निसटलं का रे तावदान?"

वहिनीने नवा फोन आणला आणि हातात देताना बजावलं, "हा फुटला तर पुढचा फोन मातीचा करून देईन. जा, काच लावून आणा, कव्हर घालून आणा!"

दादा मोबाइलच्या दुकानात गेला. दुकानदाराने काच दाखवली. दादाने ती उजेडात धरली, नखाने वाजवली, कडेवरून अंगठा फिरवला. "कडा नीट घासलेल्या नाहीत. आणि वर हे भोक कशाला? तडा नेहमी भोकापासूनच सुरू होतो, ठाऊक नाही तुम्हाला?"

"साहेब, फोनला लावायचीये. घराला नाही."

झालं! दादाचा अपमान झाला! तडक वर्कशॉपात आला आणि म्हणाला, माझ्या फोनचं काम मीच करणार. काय केलं असेल त्याने? दुकानांच्या दर्शनी काचांना आपण काळी फिल्म लावतो ना, आतलं बाहेर दिसू नये म्हणून, तिचा तुकडा कापला. हलकीशी काळी, म्हणजे स्क्रीन दिसतो पण शेजारच्याला डोकावता येत नाही. साबणाचं पाणी मारलं, रबराने हवा काढली, एक बुडबुडा नाही! भोक तर अजिबात नाही. वर फक्त आवाजापुरती एक फट ठेवली, मुंगीला वाकून जावं लागेल एवढी. मग कव्हर चढवलं. आणि कव्हर आणि फोन यांच्यामधल्या फटीत, माशाच्या टाकीला मारतात ते सिलिकॉन चारी बाजूंनी!

पट्टी म्हणाला, "अरे, बाजूचं बटण बुजलं की!"

"बटण कशाला लागतंय? स्क्रीनवर दोन टिचक्या मारल्या की उठतो फोन. हे बघ! आता हा समुद्रात टाक, मासे मरतील, फोन मरणार नाही!"

आता गंमत कळली का तुला? फोन कानाला लावला की स्क्रीन काळा होतो आणि कानावरून काढला की उजळतो. त्यासाठी वर एक बारीकसा डोळा असतो. दुकानदाराचं भोक त्या डोळ्यासाठी होतं! दादाने त्या डोळ्यावरच काळी पट्टी बांधलेली. म्हणजे बोलायला लागलं की स्क्रीन काळा, आणि मग काळाच! टिचक्या मारा नाहीतर थपडा. समोरचा ठेवेपर्यंत फोन चालूच!

आणि दादाची समजूत काय? काळा झाला म्हणजे बंद झाला!

पहिला बळी एक बाई. न्हाणीघरातल्या आरशाचं माप तिने चौथ्यांदा बदललं. दादा गोडीत म्हणाला, "हो ताई, लिहून घेतलं ताई." फोन बाकावर ठेवला आणि पट्टीला म्हणाला, "ही बाई रोज माप बदलते. आरसा लावतेय की भिंतीचे कपडे शिवतेय?" दुसऱ्या दिवशी बाई दारात! "मी रोज माप बदलते ना? बदलते! आता दुकानही बदलते!" आणि गेली.

दादा पट्टीवर उसळला, "तूच चुगली केलीस! किल्लीसाठी एवढा खाली उतरलास?"

"मी? मला त्या बाईचा नंबरसुद्धा माहीत नाही!"

"चोराच्या उलट्या बोंबा!"

अकरा वर्षं एका डब्यात जेवणारी माणसं, त्या दिवसापासून बोलणं बंद. काच एकाने इकडून धरायची, दुसऱ्याने तिकडून, आणि बघायचं भिंतीकडे!

दुसरा बळी मेव्हणा. त्याचा फोन आला, आठ दिवस राहायला येतोय. "या या, घर तुमचंच आहे!" म्हणून दादाने फोन ठेवला आणि आईला म्हणाला, "आठ दिवस! हा पाहुणा नाही, ओल आहे ओल! एकदा भिंतीत शिरली की निघत नाही!" तासाभराने मेव्हण्याचा मेसेज आला, "ओल दुसरीकडे मुरवतो."

झालं, घरात महायुद्ध! दादा वहिनीवर उखडला, "तूच सांगितलंस भावाला!"

वहिनी म्हणाली, "मी सांगितलं? माझ्याच भावाला, की तुला ओल म्हणतात? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

पण दादाचं ठरलेलं. सगळे फितूर! भरवशाचा म्हणून एकच उरला, त्याचा तो चिलखतातला फोन. दिवसातून दहादा शर्टाला पुसायचा.

आणि मग तो रविवार. सकाळची वेळ. दादा आणि वहिनी स्वयंपाकघरात. वहिनी शेंगा सोलतेय, बोलत नाहीये. काकांचा फोन आला. त्या मुंगीच्या फटीतून नीट ऐकू यायचं नाही म्हणून दादाने आवाज फुल्ल ठेवलेला, त्यामुळे वहिनीलाही सगळं ऐकू आलं.

"पोरा, ठरवलं मी. उद्यापासून वर्कशॉप तू चालव. किल्ली सकाळी देतो. पट्टीला मी सांगेन, तू बोलू नकोस. तो वाईट नाही, पण तुझ्यावर माझा डोळे मिटून विश्वास आहे. ठेवतो."

दादाने फोन टेबलावर ठेवला. काळा. वहिनीचे डोळे भरून आले, पण भांडण चालू होतं ना, म्हणून कौतुकसुद्धा टोमण्यातूनच बाहेर पडलं. "बघा. माणूस असावा तर असा! केवढे उपकार केले तुमच्यावर. नाहीतर तुम्ही, घरच्यांवरसुद्धा विश्वास नाही."

अरे, साधं 'हो' म्हणायचं ना! पण नाही. याचा अहंकार फणा काढून उभा!

"उपकार? मी आहे म्हणून ते दुकान उभं आहे! चार वर्षं झाली, काकांना रेघ दिसत नाही. हिरकणी काचेवर नाही, हवेत चालते! रोज सकाळी ते एक काच वाकडी कापतात, मी 'फर्स्ट क्लास' म्हणतो, ते चहाला गेले की दुसरी कापतो आणि गिऱ्हाइकाला ती देतो. त्यांची भंगाराच्या पिंपात! फोडताना आवाज नको म्हणून वर गोणपाट टाकतो! चार वर्षांत त्यांच्या हातची एक काच कुठल्या खिडकीत बसलेली नाही. एक! आणि त्यांना वाटतं, गावभर त्यांचीच तावदानं चमकतायत!"

वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "हे मला कधी बोलला नाहीत."

"कुणालाच नाही बोललो. पट्टीलासुद्धा नाही. काय बोलणार? ती कड अंगठ्याने चाचपताना त्यांचा चेहरा तू एकदा बघितलास ना, तर..."

आणि टेबलावरून खोकला आला.

बारीक. म्हाताऱ्या माणसाचा. मुंगीच्या फटीतून.

दादाने फोन उचलला. टिचकी! दोन टिचक्या! दहा! काळा तो काळाच. बटण दाबायला गेला तर बटणावर सिलिकॉन! सुरी घेतली, खरवडायला लागला. निघतंय होय? टाकीत शंभर बादल्या पाणी भरलं तरी ढिम्म हलणार नाही असं काम! आपलं काम इतकं चोख असल्याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा संताप आला.

"काका! काका, तुम्ही फोन ठेवा!"

"ठेवला असता रे," आतून आवाज आला. "मघापासून तेच करतोय. ते लाल कुठेय ते दिसत नाहीये मला. चष्मा सापडत नाही. तूच ठेव."

"माझा बंद होत नाही, काका!"

तिकडे चष्म्याची शोधाशोध. मग, "बरं. काही राहिलं असेल तर बोलून घे."

काय बोलणार, सांग! वहिनी खुणा करतेय, माफी मागा, माफी मागा. दादाचं तोंड उघडतंय, मिटतंय, टाकीतल्या माशासारखं. तिकडे काकांच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय. एकदा खुर्ची करकरली. एकदा कप ठेवल्याचा आवाज. एकोणीस मिनिटं, एकोणीस! मग काकांच्या फोनची बॅटरी संपली तेव्हा कुठे तो फोन बंद झाला. वहिनी एवढंच म्हणाली, "ती बाई. माझा भाऊ." आणि शेंगा उचलून आत गेली.

सोमवारी काका आले. हिरकणी काढली नाही. सरळ पिंपापाशी गेले, गोणपाट बाजूला केलं आणि वरचा एक तुकडा उचलला. कडेवरून अंगठा फिरवला.

"ही कधीची?"

"शनिवारची," दादा म्हणाला.

"किती वाकडी होती?"

"बोटभर."

काकांनी मान हलवली. मग पट्टीकडे वळले. "तू एकदा म्हणाला होतास, वाकडी गेली. मी काय म्हणालो होतो रे?"

पट्टी बिचारा घाबरला. "बोटांना विचार म्हणाला होतात."

"हं." काकांनी खिशातून किल्ली काढली आणि पट्टीच्या हातावर ठेवली. त्याच चिकटपट्टीवाल्या हातावर! "हा मला सांगेल. शिव्या खाईल, पण सांगेल."

"काका, मी तुमच्यासाठीच..." दादा म्हणाला.

"माहितीये रे. पण चार वर्षं? एक दिवस तरी सांगायचंस." आणि हिरकणी दादाच्या बाकावर ठेवली. "ही तुला. माझ्या आता काय कामाची?"

त्यांच्या हातातला तुकडा खाली पडला. तो उचलायला दादा वाकला आणि शर्टाच्या खिशातून फोन सटकला! खाली फरशी, फरशीवर काचेचे तुकडे. धाडकन तोंडावर आपटला! पट्टीने उचलला, उलटसुलट करून बघितला, उजेडात धरला. ओरखडा नाही! एक साधा ओरखडा नाही! आणि तो येडा, किती दिवसांनी दादाशी बोलला तर काय बोलला, माहितीये?

"काही म्हण दादा, बसवलंयस मात्र फर्स्ट क्लास!"

काका तेव्हा दारापर्यंत पोचले होते. मागे वळले नाहीत. त्यानंतर वर्कशॉपात आलेही नाहीत. दादा अजून तिथेच आहे, पट्टीच्या हाताखाली. सकाळची पहिली काच कोण कापणार यावर दोघं रोज एकमेकांकडे बघतात, आणि हिरकणी बाकावर तशीच पडून असते.

आता तू सांग. नाही, फोनकडे बघू नकोस, माझ्याकडे बघून सांग! तो म्हातारा कडेवरून अंगठा फिरवून तुझ्याकडे असा बघतोय, काच बोटभर वाकडी आहे, गिऱ्हाईक दारात उभं आहे. तू असतास तर काय केलं असतंस?